उगुइसु गाईना

“आज उगुइसु गायला तर राहीन. नाही गायला, तर गुरुवारच्या विमानानं सापोरोला, मुलाकडे. कायमची,” भाताच्या गोळ्यावरचा कागद सोडवता सोडवता तोशिएनं सांगून टाकलं.

मासुयोच्या हातातला चहा सांडला. “एका पाखराच्या भरवशावर गाव सोडतेस? डोकं फिरलंय का तुझं?”

“सत्तरीला आले. आता नाही फिरणार तर कधी?” असं म्हणून तोशिए खुदुखुदु हसली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. गळ्यात नवा जांभळा स्कार्फ काय, ओठांना रंग काय!

मासुयोला मात्र हसू येईना. पस्तीस वर्षांचा शेजार होता. दुकानात उरलेला सुका बांगडा रोज संध्याकाळी तिनं तोशिएकडे न्यायचा, तोशिएनं मुरवलेला मुळा हातावर ठेवायचा, आणि मग कुणाचं जास्त खारट झालंय यावरून दोघींनी भांडायचं. ही गेली तर भांडायचं कुणाशी? भिंतीशी?

तसा गेल्या सहा वर्षांत उगुइसुनं कधी दगा दिला नव्हता. फेब्रुवारीतला दुसरा रविवार, ओदावाराच्या टेकडीवरची ही बाग, म्हाताऱ्या पांढऱ्या प्लमखालचा हाच बाक. डबा संपला की तोशिए उठायची, “चला, निघू या.” आणि नेमका तेव्हाच मागच्या झाडीतून आवाज यायचा, होऽऽऽ, होकेक्यो! पक्षी कुणाला दिसायचा नाही, पण वर्षातली पहिली साद कानावर पडल्यावर दुसरी ऐकल्याशिवाय उठतं कोण? तोशिए पुन्हा टेकायची. थोड्या वेळानं गावातले कुराहाशी-सान गरम अमाझाकेचे, म्हणजे तांदळाच्या गोड पेयाचे, तीन पेले घेऊन यायचे.

“ऐकलात?” ते विचारायचे.

“ऐकला.”

संपलं! पुढं तासभर थंडीच्या गप्पा. तोशिएचा नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, कुराहाशी-सानांची बायको जाऊन आठ. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं घरोघर पोचवलेला हा पोस्टमन, पण स्वतःच्या मनातला एक शब्द काही त्याच्याच्यानं पोचवला जाईना. मासुयो त्याला मनातल्या मनात ठोंब्या म्हणायची. तोशिएसमोरही म्हणायची.

“आणि आज कुठं उलथलाय तुझा पोस्टमन?” तिनं विचारलं. “महिनाभर नुसता दातांच्या दवाखान्यात चकरा मारतोय म्हणे.”

“येतील,” तोशिए म्हणाली. तिनं डबा बांधला, स्कार्फ सारखा केला आणि ती उठली. “चला, निघू या.”

झाडी गप्प.

तोशिए वाकली, बुटाची नाडी उगाचच सोडून पुन्हा बांधली आणि आणखी एकदा उठली. या वेळी जरा मोठ्यानं म्हणाली, “चला, निघू या!”

तरी गप्प. तेवढ्यात पलीकडच्या गुलाबी झाडापाशी गलका झाला. “उगुइसु! उगुइसु!” फुलांत दोन हिरवी पाखरं चोची खुपसून बसली होती आणि वीस कॅमेरे त्यांच्यावर रोखलेले.

“अहो, चष्मेवाले पक्षी आहेत ते!” मासुयो खेकसली. “दरवर्षी तेच! हिरवं दिसलं की झाला यांचा उगुइसु!”

तोशिएनं कोटाची बटणं लावायला घेतली. एक, दोन.

“थांब! जरा जाऊन येते, थंडीनं राहवत नाही!” म्हणत मासुयो झाडीत घुसली. पाखरू झोपलं असेल तर दगड मारून उठवायचं, एवढाच तिचा बेत होता.

झाडीत पाखरू नव्हतं. कुराहाशी-सान होते. गुडघ्यांवर बसलेले, शेजारी अमाझाकेचे तीन पेले केव्हाच गार झालेले. दोन बोटं ओठांना लावून ते गाल फुगवत होते आणि तोंडातून नुसतं फुस्स निघत होतं.

मासुयोनं कपाळावर हात मारला. “तुम्ही? सहा वर्षं तुम्ही?”

“तोशिए-सान उठायला लागायच्या,” ते कुजबुजले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. “काय बोलून थांबवणार? मला बोलता कुठं येतं!”

“मग आज का थांबवत नाही?”

“कवळी नवी आहे हो. शीळच बसेना.”

“मग काढा की ती कवळी!” मासुयो ओरडली. हळू बोलायची सवय तिच्या गळ्याला कधी नव्हतीच.

त्यांनी कवळी काढून रुमालात धरली आणि जीव खाऊन फुंकर मारली. आता फुस्ससुद्धा नाही. नुसती थुंकी.

“निघते गं मी, मासुयो!” बाकाकडून हाक आली.

मासुयोनं देवाचं नाव घेतलं, कमरेवर हात ठेवले आणि चाळीस वर्षं ज्या आवाजात बाजारात सुकी मासळी विकली त्याच आवाजात ठोकून दिलं, “होऽऽऽ! होकेक्योऽऽऽ!”

चष्मेवाले भुर्रकन उडाले. वीसच्या वीस कॅमेरे झाडीकडे वळले. कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं. मेले, मासुयोनं डोळे घट्ट मिटले. आता हिला बसवलं विमानात!

बाकाकडून आधी खुदुखुदु आणि मग खो खो हसणं ऐकू आलं.

“मासुयो, तू हो बाजूला,” हसता हसता तोशिए ओरडली. “सहा वर्षं ज्या पक्ष्यासाठी मी उठायचं सोंग करतेय, त्याला म्हणावं, कवळी घाल आणि इथं येऊन बस!”