पांढरे गुडघे

"आम्ही काळे, आम्ही परके, ठाऊक आहे. पण दारातल्या कोलमवर कसला राग?" शेजारची अलमेलू हलसूरच्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली. तिची ती तांदळाच्या पिठाची रांगोळी रोज पहाटे कुणीतरी फिसकटून जात होतं.

"आम्ही नाही हो अक्का," तुंगा एवढंच म्हणाली. भाषावार राज्यं झाल्यापासून तिच्या कानडी सासूबाईंच्या तोंडी तमिळ शेजारी म्हणजे 'ते काळे' असंच असायचं, आणि तुंगानं त्यांना कधी अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाळाला पाजता पाजता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मांडी रिकामी होती. सासूबाई रोजच्यासारख्या नळावर गेलेल्या, दार सताड उघडं. बाहेरच्या धुरकट उजेडात, स्वप्नात दिसावं तसं, तिचं लेकरू अलमेलूच्या रांगोळीवरून रांगत चाललं होतं. गुडघे पांढरेशुभ्र.

कुणी पाहिलं नाही, पटकन पुसून टाकावेत, असं तिला वाटून गेलं. मग तिनं त्याला तसंच कडेवर घेतलं आणि अलमेलूचं दार वाजवलं.

"अक्का, चोर आणलाय."

अलमेलू पदरानं ते गुडघे पुसू लागली, पुसता पुसता थांबली आणि खुदकन हसली. "अगं, हा तर आमच्याहून काळा!"

गोकुळाष्टमीला कृष्ण घरी येतो म्हणून अलमेलू दरवर्षी रस्त्यापासून आपल्या देवघरापर्यंत पिठाची इवली पावलं काढायची. यंदा ती पावलं तुंगाच्या उंबऱ्यापासून निघाली होती.