आधी ऐकून घ्या, हाजी

"पुन्हा एकदा सांग," हाजी तिजानी म्हणाले. "कारखाना माझा, फाटक माझं, हुकूम माझा. तो मोडला गेला. मग घरी पाठवायला मला कुणाची परवानगी लागते?"

"परवानगी नाही लागत, हाजी. आधी ऐकून घ्यावं लागतं," लल्ला महजूबा म्हणाली.

मोरोक्कोतल्या आसफीच्या बंदराला लागून हाजींचा मासे डबाबंद करायचा कारखाना होता. कामगारांचं सगळं महजूबा बघायची; तिला सगळे मानानं लल्ला म्हणत. भरती, रजा, भांडणं आणि कोर्टकचेरी. यातली कोर्टकचेरी हाजींच्या तोंडामुळे वाढत चालली होती. कुणावर चिडले की ते भर अंगणात बोट दाखवून म्हणत, जा घरी, उद्यापासून तोंड दाखवू नकोस. त्यांच्या वडिलांच्या काळी तेवढ्यानं भागायचं. आता माणूस सरळ कोर्टात जाई. याचं म्हणणं कधी ऐकलंत, असं न्यायाधीश विचारत आणि हाजी छताकडे बघत बसत.

या खेपेला सुरुवात इज्जापासून झाली. मासे भरणाऱ्या बायकांतली ही पोटुशी बाई. चक्कर आली म्हणून घटकाभर उलट्या टोपलीवर टेकली, आणि नेमके तेव्हाच हाजी तिथून गेले. बोट उठलं, शब्द सुटले. ही उद्या आत दिसता कामा नये, असा हुकूम फाटकावरच्या म्हाताऱ्या बा कद्दूरला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इज्जा आपल्या जागी उभी राहून डबे भरत होती.

इज्जाला हाजी विसरले. आता सगळा राग होता तो तिला आत घेणाऱ्यावर. ज्यानं हे केलं त्याची नोकरी गेली असं समजा, हे त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"ऐकायचं काय त्यात?" ते महजूबाला म्हणाले. "दार उघडलं की नाही? उघडलं. कबूल केलं की नाही? केलं. संपलं."

"का उघडलं, ते राहिलं."

मग तिनं सगळी रीत समजावली. आरोप लिहून द्यायचा. आठ दिवसांच्या आत समोर बसवायचं, सोबत कामगारांचा माणूस हवा. ओरडायचं नाही. निकाल आधी ठरवून बसायचं नाही. एवढ्या वेळात मी एक लग्न उरकीन, असं हाजी कुरकुरले. लग्न मोडायलाही इतकाच वेळ लागतो, ती म्हणाली, आणि हाजींना हसू आवरेना.

पत्राचा मजकूर तिनंच सांगितला, समोर बसायचा दिवस गुरुवार घातला. हाजींनी तोंड वाकडं करून सही केली. पोच लागेल, ती म्हणाली. तीही तूच आण, हाजी म्हणाले. त्यांच्या चहाचा पेला रिकामा व्हायच्या आत पोच टेबलावर होती.

पुढचे काही दिवस दुपारच्या नमाजानंतर तिनं हाजींना सरावाला बसवलं. समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हणाली, विचारा तिला. पहिल्या दिवशी हाजींनी खुर्चीलाच शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारला आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. मंगळवारी मात्र प्रश्न विचारून ते गप्प राहिले. इतके की बाहेरच्या समुद्रपक्ष्यांचा कलकलाट खोलीत ऐकू यायला लागला.

"त्या बाईला बसायला काही दिलंय का?" त्यांनी मधेच विचारलं.

"तसा हुकूम नाही तुमचा."

दुसऱ्या दिवशी इज्जाच्या जागेपाशी एक लाकडी स्टूल होतं. ते कुणी ठेवलं, हे महजूबानं कुणाला विचारलं नाही.

खाली कामाच्या जागी मात्र हवा जड होती. महजूबा आली की बायका बोलायच्या थांबत आणि हातातल्या माशाकडे बघत राहत. इज्जानं एकदा तिला गाठलं. फडक्यात बांधून घरच्या गरम पोळ्या आणल्या होत्या.

"माझ्यापायी कुणाची भाकरी जायला नको, लल्ला," ती म्हणाली. "त्यापेक्षा मीच जाते."

"तू डबे भर," महजूबा म्हणाली. गुरुवारचं बोलणं होईपर्यंत मी कुणाच्या हातचं काही घेणार नाही, असं सांगून तिनं पोळ्या परत दिल्या.

बुधवारी संध्याकाळी ती फाटकापाशी थांबली. बा कद्दूर किल्ल्यांचा जुडगा पुसत बसला होता. गुरुवारी धुतलेला जेलाबा घालून या, असं तिनं सांगितलं.

"तेवढं कळतं मला, पोरी. पण असल्या खोलीत मी पहिल्यांदाच बसणार. तिथं बोलायचं काय असतं?"

"खरं असेल तेवढंच. तेही थोडक्यात."

"आणि हाजी उखडले तर?"

"ते ऐकायला शिकलेत, बा. थोडंसं."

म्हातारा हसला. सगळं ठीक होईल, असं दोघांनीही एकमेकांना सांगितलं. झोप लागत नाही, हे दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

गुरुवारी हाजी वेळेआधीच येऊन बसले होते. टेबलावर पुदिन्याचा चहा होता. लिहून घ्यायला हिशेबाच्या खोलीतला कारकून बोलावला होता. बा कद्दूर धुतलेल्या जेलाब्यात आला, सलाम करून दाराशी घुटमळला. हाजींनी हातानंच खुणावलं, तसा तो कामगारांनी निवडून दिलेला प्रतिनिधी म्हणून कडेच्या खुर्चीत साक्षीला बसला. मधली खुर्ची अजून रिकामी होती.

हाजींनी चहाचा पहिला पेला भरून त्या खुर्चीपुढे सरकवला.

"बस, महजूबा," ते म्हणाले. "दार का उघडलंस, सगळं सांग. आज मला घाई नाही."