प्रेमसिंगचा आवाज

“मी काही तपासाले रक्त देत नाही,” सुनील म्हणाला आणि त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

उज्ज्वला, त्याची थोरली बहीण, ओट्यावर त्याच्यासमोर बसली होती. पुसदहून एसटीनं दारव्ह्याला आणि तिथून जीपनं माहेरच्या तांड्यावर ती आली होती, ती एवढ्याचसाठी. किमो संपून केस आत्ता कुठे बोटभर वाढले होते.

“बाबा कॅन्सरनं गेले, अमरसिंगकाका त्यानंच गेले, आता मले झाला. डॉक्टर म्हणे, हे तुमच्या घरात जन्मापासूनच येऊन राह्यलं.”

“लोक करणी म्हणत. डॉक्टर बी तेच म्हणते का?”

“करणी नाही रे, आइक.” त्यांची याडी, म्हणजे आई, लालीबाई आत चुलीपाशी होती. उज्ज्वलानं आवाज खाली आणला. “अंगातल्या पेशीत एक प्रोटीन असते. पेशी बिघडली की तिले थांबवाचं, नाहीतं मारून टाकाचं, हे त्याचं काम. पण ते बरोबर दुमडलं तरच. आपल्या जीनमधलं एक अक्षर बदललं, म्हणून ते वाकडं दुमडते. मंग वाकडे वाकडे एकमेकाले चिकटतात. गोळे होतात त्याइचे.”

सुनीलनं थोडा विचार केला. “हे बाबाकडचं. याडीकडचं बी असन ना आपल्यात? ते तं चांगलं हाय.”

नागपूरच्या डॉक्टरांना तिनंही हेच विचारलं होतं, आशेनं.

“हाय. पण वाकडं असते ते चांगल्याले बी गोळ्यात ओढून घेते.”

सुनीलचा घास हातातच राहिला. मग तो उसनं हसला. “मले काय झालं? बैलावानी राबून राह्यलो. माहीत करून काय करू, रोज मरू?”

“तुह्यासाठी नाही म्हणत मी. तुह्यात असन तं लेकरात बी...”

“आत्या, मले काय आणलं?”

उज्ज्वला दचकली. आवाज मिसरूड फुटू लागलेल्या पोराचा होता. दारात मात्र अपेक्षा उभी होती, सुनीलची चार वर्षांची मुलगी. तिच्यामागून तिची आई वर्षा हसत बाहेर आली.

“घाबरल्या ना ताई? सारेच घाबरतात. पोळ्यापासून असीच बोलते. आन् अंगानं कसी भरली पाहा!”

पोर येऊन मांडीवर बसली. गाल टम्म भरलेले. हनुवटीवर बारीक पुटकुळ्या, वरच्या ओठावर काळी लव. उज्ज्वलानं तिच्या पायावरून हात फिरवला. तिथंही राठ केस लागले.

घरात कुणा लहान लेकराला अवेळी केस आले का, आवाज जाड झाला का, असं डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं होतं; अशा घरातल्या लेकराच्या पोटात गाठ वाढू लागली, तर तीच पहिली खूण, म्हणाले होते. तिनं ठामपणे नाही म्हणून सांगितलं होतं. आजारपणात किती महिने ती इकडे फिरकलीच नव्हती.

तिनं पोरीच्या पोटावर हात ठेवला. डावीकडे, बरगडीखाली, हलकेच दाबलं.

“तेथी नको दाबू,” अपेक्षा म्हणाली. “दुखते.”

उज्ज्वलानं भावाकडे पाहिलं. तिच्या तोंडाचा रंग बघूनच सुनीलनं ताट सारलं.

“सुनील, गाडी पाह्य कोणाची भेटते तं.”

“कोठी जाचं?”

“नागपूरले. आताच्या आता.”

वर्षाचं हसू ओठावरच विरलं. ती कधी नवऱ्याकडे, कधी नणंदेकडे पाहत राहिली. सुनील अनवाणीच तांड्याच्या रस्त्याला लागला.

यातलं काहीच न कळलेली लालीबाई पदराला हात पुसत बाहेर आली. नातीला तिनं कौतुकानं जवळ ओढलं.

“आत्याले दाखवलं का व माय? बोल बरं एकदा, प्रेमसिंग आजोबावानी बोल.”

अपेक्षा खुशीत उभी राहिली. कमरेवर हात ठेवून, मान ताठ करून, त्या जड, घोगऱ्या आवाजात म्हणाली, “राम राम.”