बदकिणीचा गहन अर्थ

अमेरिकेतल्या चेसापीक खाडीवर शिकारी खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यात लाकडी बदकं सोडतात. ती घडवण्यात ऑर्विलचा हात धरणारा कोणी नव्हता, पण स्पर्धेतली पहिल्या नंबराची निळी फीत दरवर्षी हुलकावणी द्यायची. परीक्षक अर्थ विचारायचे आणि हा म्हणायचा, “अर्थ कसला? बदक आहे!”

यंदा बायकोने, मर्टलने, दमच भरला. “फीत न घेता आलास तर ताटात लाकूड वाढीन. काहीतरी गहन ठोकून दे!”

परीक्षकबाईंनी पाण्यावर डुलणारी त्याची बदकीण निरखली. “हिचा अर्थ?”

“एकाकीपणा,” ऑर्विल छातीवर हात ठेवून म्हणाला.

बाईंचे डोळे पाणावले. फीत त्याच्या कोटाला लागणार, तोच आभाळातून एक खराखुरा नर उतरला, बदकिणीला खेटून बसला आणि लाडात मान वेळावू लागला.

“कुठाय एकाकीपणा?” बाई कडाडल्या, आणि फीत परत पर्समध्ये गेली.

बदकीण काखोटीला मारून ऑर्विल घरी आला. मर्टल दारातच उभी होती.

“फीत?”

“गेली,” म्हणत त्याने मागे बोट दाखवलं. तो नर तुरुतुरु पाठोपाठ येत होता. “पण जावई आलाय. पान वाढ.”