कुणाच्या हातची हंडी

हंडीच्या तोंडाला कणीक लावून नसीमबीनं झाकण पक्कं केलं, वर चार निखारे ठेवले आणि चुलीतल्या पऱ्हाट्या मागं ओढल्या. आता खाली फक्त गोवऱ्यांची धग. मोठ्या जनावराच्या गोश्ताला घाई चालत नाही. दुपारपर्यंत झाकण उघडायचं नव्हतं.

“खैरुन काय करतीय?” ओसरीवरून तिच्या सासऱ्यांनी, दादामियाँनी विचारलं.

“पुस्तक घेऊन बसलीय, अब्बा.”

“बसू दे.”

नसीमबीला नवल वाटलं. उमरग्याहून पाहुणे यायचे होते. दवाखान्यातला कंपाउंडर सादिक आणि त्याची आई. नणंदेला बघायला माणसं येणार, आणि नणंद अजून पारोशी, भूगोल पाठ करत बसलेली!

पोलीस ॲक्शनच्या सालात जन्मलेली खैरुन आता सोळाची झाली होती. चार वर्षांपूर्वी नसीमबीचा नवरा विषमज्वरानं गेला. माहेरची माणसं तिला न्यायला इथं मुरुमला आली. पण सासऱ्यांनी लेकाच्या दुःखानं अंथरूण धरलेलं आणि खैरुन पोरवयाची. नसीमबी गेली नाही. तिनं सासऱ्यांना उठवून बसवलं, पोरीची शाळा सुटू दिली नाही. खैरुन एकदा चांगल्या घरी पडली, की आपलं काम झालं, असं ती म्हणायची.

सादिक बिजवर होता, तिशी ओलांडलेला. तिच्या मनाला ते जरा खुपलं होतं. पण स्थळ अब्बांनी स्वतः उमरग्याला जाऊन पाहिलेलं.

ती ओसरीच्या दाराशी आली. “हंडी खैरुनला करू द्यायची होती, अब्बा. म्या बसून सांगितलं असतं.”

“न्हाय. आज तुझ्याच हातची पायजे.”

“पर त्यांना वाटंल, तिनंच केली.”

दादामियाँनी तस्बीचे दोन मणी ओढले. “पाहुणे जेवू देत आधी.”

उन्हं डोक्यावर आली तशी पाहुणे आले. खैरुननं घाईघाईनं तोंड धुतलं आणि उलट भाभीलाच म्हणाली, “तुमी लुगडं बदला. धुराचा वास मारतोय.”

कणीक फोडली, झाकण निघालं, आणि घरभर वास पसरला. नसीमबीनं डावानं एक तुकडा दाबून बघितला. हाड आपसूक सुटलं. तिचा जीव भांड्यात पडला. दस्तरखानावर ज्वारीच्या भाकरी गेल्या, कांदा गेला, मागोमाग हंडी गेली. ती पडद्याआड उभी राहिली.

ताटांत हाडं पडल्याचे आवाज येत राहिले. मग सादिकच्या आईचा आवाज आला, “माझे दात गेलेत, तरी मला खाता येतंय. कधीपासनं ठेवलं होतं हे?”

“सकाळपासनं,” दादामियाँ म्हणाले. “घरच्या पोरीनंच केलंय.”

 एकही नमाज न चुकवणारे अब्बा खोटं बोलले!

“एवढी सबुरी ज्या हाताला, तो हात मला पसंत हाय,” आई म्हणाली. “सादिक, तुझं काय?”

“मलाही पसंत आहे.”

“मग जुम्म्याला बोलणी पक्की करू.”

नसीमबीच्या डोळ्यांपुढं खैरुन आली. परक्या चुलीपुढं बसलेली, करपलेली भाकरी, सासूचा टोमणा, आणि फसवलं म्हणून जन्मभराचा ठपका. तिनं पदर डोक्यावरून ओढला आणि पडदा सारून बाहेर आली.

“खाला, माफ करा. हे खैरुननं केलेलं न्हाय. म्या केलंय. तिला अजून धड भाकरीबी येत न्हाय. पोर गुणाची हाय, सगळं शिकंल. म्या शिकवीन. पर खोट्यावर तिचा निकाह नको. नको म्हणायचं तर आत्ताच म्हणा.”

दादामियाँनी मान खाली घातली. सादिक हातातल्या घासाकडं बघत राहिला.

म्हातारीनं हात धुतले, पुसले. मग सरकून आपल्या शेजारी चटईवर जागा केली आणि नसीमबीचा हात धरून तिला खाली बसवलं.

“ही खैरुन कोण, दादामियाँ?” ती म्हणाली. “आमी तर तुमच्या नसीमला मागायला आलोय.”