पावणेतीन बाईंची परीक्षा

गाडी चौकातल्या फुलांच्या गोल वाफ्याकडे सरळ निघाली होती, आणि ती चालवणाऱ्या बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.

त्याआधीची सात मिनिटं सगळं कसं छान चाललं होतं. स्टीअरिंगवर डावा हात नऊवर, उजवा तीनवर, घड्याळात पावणेतीन वाजावेत तसे. खरं तर पावणेतीनला तासकाटा तीनच्या साडेसात अंश अलीकडे असतो, पण तेवढी सूट बाई देत. बारा वर्षं त्या गाडी शिकवत होत्या, आणि बारा वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेलं प्रत्येक माणूस त्यांना माघारी 'पावणेतीन बाई' म्हणत असे.

घोळ झाला तो वेगळाच. दर विद्यार्थ्याच्या लायसनची तारीख भिंगातून बघणाऱ्या बाईंचं स्वतःचं लायसन दीड वर्षापूर्वी संपून गेलं होतं. नियमाप्रमाणे आता परीक्षा पहिल्यापासून. ड्रायव्हिंग स्कूल नणंदेचं. तिने काल चहा पिता पिता सांगून टाकलं होतं, "वहिनी, सोमवारी लायसन दाखवलंत तर गाडी तुमची. नाहीतर दुसरं माणूस बघते. नात्यात लाड नाहीत हं."

नोकरी जाणार म्हणून रडू यायला हवं होतं. पण आज उजवीकडच्या सीटवर बसल्यापासून बाईंना हसूच येत होतं. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी रोज नणंद घरी घेऊन जायची आणि बाई बसने. बारा वर्षांत त्यांनी गाडी अशी स्वतः चालवलीच नव्हती. त्या नेहमी डावीकडे, बोलत. आता पायाखाली इंजिन गुणगुणत होतं आणि पोटात शाळकरी मुलीसारख्या गुदगुल्या होत होत्या. शेजारी परीक्षक बसले होते, म्हणून त्यांनी गाल आतून चावून धरले होते.

परीक्षकांचा दरारा मोठा. ते रस्त्याकडे बघतच नसत, फक्त हातांकडे बघत. हातावर हात चढला की नापास. अंगठा आत गेला की नापास. सात मिनिटांत ते एक अक्षर बोलले नव्हते. चौक आला तेव्हा एकच शब्द म्हणाले, "उजवीकडे."

आणि बाईंच्या तोंडून बारा वर्षांचं पाठांतर बाहेर पडलं.

"उजवीकडे घ्यायचं. घाबरायचं नाही, मी आहे ना."

हे म्हटलं की त्यांचे हात मांडीवर जायचे. रोज जायचे. आजही गेले.

वाफ्यातल्या माळीबुवांनी पाण्याचा पाइप टाकला आणि फुटपाथ गाठला. परीक्षकांच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठीचा जादा ब्रेक होता. तो त्यांना आठवलाच नाही. "अहो! अहो!" करत ते डावीकडून वाकले आणि त्यांनी स्टीअरिंगला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"हातावर हात नको!" बाई कडाडल्या. "उजव्या हाताने खाली ओढा. ओढा! आता डाव्याने वर ढकला. उजवा नुसता सरकू दे. परत ओढा. कसली घाई आहे? वाफा कुठे पळून जात नाही."

परीक्षकांनी ओढलं. ढकललं. परत ओढलं. गाडीने वाफ्याला मोठ्या अदबीने वळसा घातला आणि ती झाडाच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. मग आपण कुठल्या सीटवर आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं.

परीक्षक थरथरत होते. सगळं संपलं, बाईंनी ओळखलं. सोमवारी गाडीत दुसरं माणूस. आणि तरी, देवा, हसू थांबेना! गाल सुटले. त्या इतक्या हसल्या की हॉर्नवर डोकं टेकलं आणि हॉर्न वाजला. मग त्यांना दिसलं की परीक्षक रागाने थरथरत नव्हते. चष्मा काढून ते हसून भरलेले डोळे पुसत होते.

"गाडी कशालाही धडकली नसेल तर वळण एकदा परत घेता येतं," ते कसेबसे म्हणाले. "नियम आहे. पण बाई, या वेळी शिकवू नका. चालवा."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. तोंड बंद झालं तसे हात मोकळे झाले. ओढ, ढकल, सरकव. गाडी वाफ्याभोवती लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. माळीबुवांनी फुटपाथवरूनच टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी एकवार नव्हे, तीन वेळा सांगितलं, "उजवीकडे," आणि तीनही वेळा बाई नुसत्या नाकाने हसत वळल्या.

कचेरीसमोर गाडी थांबली. परीक्षकांनी कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, खाली सही केली. बाईंनी कागद धरला, पण परीक्षकांची चिमूट काही सुटेना.

"तुमच्या शाळेत," त्यांनी आधी खिडकीची काच वर केली, "संध्याकाळच्या वर्गाला जागा आहे?"

"आहे की. कोणाला शिकायचंय?"

"मला."

"काहीतरीच! तुमच्याकडे लायसन असेल ना?"

"चोवीस वर्षं आहे," परीक्षक आपल्या तळहातांकडे कौतुकाने बघत म्हणाले. "पण आमच्या वेळी परीक्षा सरळ रस्त्यावर व्हायची."