दोन टक्के कोण?

"दुधनीत अठ्ठ्याण्णव टक्के बायकांना घरात विचारूनच निर्णय!"

वीरभद्रप्पांनी पेपरातला मथळा तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचला. दुधनीच्या बाजारात त्यांची तुरीची आडत. मागच्या आठवड्यात सोलापूरहून भार्गवी नावाची वार्ताहर येऊन घरोघरी विचारून गेली होती. ते छापून आलं होतं. शेजारचा कल्लप्पा त्यांच्या घरच्या ओसरीवर चहा पीत ऐकत होता.

"अन् ऱ्हायलेले दोन टक्के?" त्यानं विचारलं.

बातमीच्या खाली बारीक अक्षरात पन्नास घरं असं लिहिलेलं होतं. वीरभद्रप्पांना कागद-पेन लागलं नाही. "दोन टक्के म्हंजे एकच बाई की. एकटीनं गावाचं शंभर होऊ दिलं न्हाय बघ!"

सावित्रम्मा कप न्यायला आल्या. "अहो, रविवारी मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हो म्हणायच्या आधी शिवलीलाला एकदा..."

"कालच कळवलं. पोरीला काय विचारायचं त्यात?"

कल्लप्पानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मालक, ती एक बाई तुमच्याच घरची नसंल नव्हं?"

वीरभद्रप्पांनी बायकोकडं बघितलं. कल्लप्पाला शंका आली म्हणजे दुपारपर्यंत ती बाजारभर होणार. त्यांनी लगेच भार्गवीला फोन लावला आणि कल्लप्पाला ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"ताई, दुधनीचा वीरभद्रप्पा बोलतोय. त्या बाईचं नाव नका सांगू. आमच्या घरची हाय का, तेवढंच सांगा."

"छे, नाही काका! तुमच्याकडं तर तुम्हीच सांगितलंत की, सगळं हिला विचारूनच करतो म्हणून. काकू आत चहा करत होत्या."

"ऐकलंस?" वीरभद्रप्पा कल्लप्पाकडं वळले. त्यांची छाती फुगली होती.

फोनमधून भार्गवी बोलतच होती. "सगळीकडं तसंच झालं, काका. एकोणपन्नास घरी मालकच बोलले. एका घरचे मालक तेवढे वैरागला गेले होते, म्हणून तिथं बाईंना बोलता आलं."

कल्लप्पा रिकाम्या कपात बघायला लागला. त्याच्या घरीही उत्तर त्यानंच दिलं होतं. वीरभद्रप्पा घाईघाईनं फोन बंद करायचं बटण शोधू लागले.

सावित्रम्मांनी हातातले कप खाली ठेवले.

"पाहुण्यांना रविवारी येऊ नका म्हणून तुमी सांगताय, का मी सांगू?"

वीरभद्रप्पा अजून बटणच शोधत होते. तोवर सावित्रम्मांनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला होता.

"पोरी, मी सावित्रम्मा. चहाच्या नादात माझं उत्तर द्यायचं ऱ्हायलं बघ. उद्याच्या पेपरात दुरुस्ती घाल. दोन न्हाय, चार टक्के."